मोटारीतली दोन संत्री

ताईला जाऊन आता दोन महिने होतील. तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. शेंदूरजनाघाटहून ताईच्या वसतिगृहातली एक जुनी विद्यार्थिनी आली होती. आता तीही नातवंडांची आजी आहे. बराच वेळ ती ताईच्या फोटोकडे बघत बसली, मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "बाईचे संत्रे आठवतात का तुमाले?"

आणि आम्ही दोघी हसलो. दुःखाच्या घरात, पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. बाकीचे बघत राहिले. त्यांना तेव्हा सांगता आलं नाही, म्हणून आता सावकाश लिहिते आहे.

एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं. ताई अकोल्याला मुलींच्या एका सरकारी वसतिगृहाची अधीक्षिका होती. मास्तरणीचं शिक्षण घ्यायला खेड्यापाड्यांतून आलेल्या मुली तिथे राहत. आईवडील दोघंही गेले होते. ताईच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये मी तिच्याजवळ राहून कॉलेजात जात असे. ताईचं लग्न झालं नव्हतं. चांदूर बाजारच्या काकांनी तिच्यासाठी एक बिजवर केव्हाचा बघून ठेवला होता, आणि तिची नोकरी कधी सुटते याची ते शांतपणे वाट बघत होते. नोकरी होती म्हणून ताईला नाही म्हणता येत होतं आणि मला पुस्तकं वाचत बसता येत होतं.

वसतिगृहाला ज्वारी, डाळ, तेल, लाकूडफाटा सगळं बाहेरून घ्यावं लागे, आणि ते कुणाकडून घ्यायचं यात ताईचा शब्द चाले. त्यामुळे व्यापारी येत, बसत, गोड बोलत. एकदा अमरावतीच्या कचेरीतून परिपत्रक आलं, की माल पुरवणाऱ्यांशी सरकारी नोकरांच्या ज्या भेटी होतील त्या उघड असाव्यात. उघड म्हणजे कशा, कुणापुढे, हे त्यात नव्हतं. शेजारच्या एका कचेरीतल्या साहेबांनी व्यापारी आला की खोलीचं दार उघडं ठेवायला सुरुवात केली आणि परिपत्रक पाळलं असं मानलं.

ताईने दोन दिवस विचार केला. मग मला म्हणाली, "साहेब अमरावतीला बसतात. जेवतात त्या मुली इथे. मग उघड करायचं ते कुणापुढे?"

संध्याकाळी जेवणाआधी हॉलमध्ये सामुदायिक प्रार्थना होई. मोझरीच्या आश्रमाकडच्या मुलींनी तिथली चाल आणली होती. त्या दिवसापासून प्रार्थना संपली, की ताई उभी राही आणि दिवसभरात कोणता व्यापारी भेटला, काय म्हणाला, काय देऊ करत होता, हे सगळ्या मुलींसमोर सांगे. "आज तेलवाले आले होते. दिवाळीला घरी डबा पाठवतो म्हणाले. मी नको म्हटलं." बस, एवढंच. स्वयंपाकाच्या मावशीसुद्धा पळी हातात घेऊन दारात येऊन ऐकत. मुलींना आधी गंमत वाटली, मग सवय झाली, पुढे तर ताई विसरली तर त्याच ओरडत, "बाई, आजच्या भेटी सांगायच्या राहिल्या!"

वसतिगृहाला कितीतरी वर्षं एकच व्यापारी धान्य पुरवत होता. डाळीत खडे फार, म्हणून त्या वर्षी ताईने नवे दर मागवले. नव्यांपैकी एकाची डाळ चांगली होती आणि दरही कमी. अजून काही ठरलं नव्हतं. अशात ताई कामासाठी अमरावतीला गेली. परतीच्या प्रवासी मोटारीत तिच्या शेजारची जागा रिकामी होती, आणि तिथे नेमका हाच नवा व्यापारी येऊन बसला. मोटार गच्च भरलेली. उठून जाणार कुठे? मूर्तिजापूरला मोटार थांबली तेव्हा त्याने खिडकीतून संत्री घेतली आणि ताईपुढे धरली. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. तिने दोन खाल्ली.

घरी आल्यावर हे तिने मला सांगितलं आणि पायावर पाणी घेऊन हॉलकडे निघाली. मी दारातच तिला अडवलं.

"ताई, हे नको सांगू."

"का?"

"का म्हणजे? एकटी बाई, शेजारी परका पुरुष, त्याच्या हातची संत्री. उद्या गावभर होईल. चांदूरला कळेल."

"तेलाच्या डब्याचं सांगितलं तेव्हा तू अडवलं नाहीस."

"तो तू घेतला नव्हतास!"

"म्हणूनच," ताई म्हणाली, "जे घेतलं ते तर आधी सांगायला हवं."

मी मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले. प्रार्थना झाली. ताई उठली आणि मला सांगितलं होतं तसंच, त्याच आवाजात, मोटार, शेजारची जागा आणि संत्री, सगळं सांगून मोकळी झाली. मग मागच्या रांगेतून, शेंदूरजनाघाटच्या त्या मुलीचा आवाज आला. तिच्या बापाचा संत्र्याचा बगीचा होता.

"बाई, गोड होते का?"

ताईने विचार केला. "एक गोड होतं. एक आंबट निघालं."

"मंग थो आंबट आमच्या इकडचा नसन!"

सगळा हॉल हसत सुटला. मला मात्र चांदूरचे काका दिसत होते.

महिन्याभरात कंत्राट नव्या व्यापाऱ्याला मिळालं, आणि पाठोपाठ अमरावतीच्या कचेरीत एक निनावी तक्रार गेली. अधीक्षिका त्या व्यापाऱ्याबरोबर चोरून प्रवास करते, त्याच्याकडून खायला घेते, बाकी काय काय घेते ते देव जाणे. मोटारीत जुन्या व्यापाऱ्याच्या ओळखीचं कुणीतरी असणार. लिहिणाऱ्याचा हिशेब सरळ होता. कोणतीही बाई अशी गोष्ट मेली तरी बोलणार नाही. साहेबांनी विचारलं की ती नाही म्हणेल, आणि मोटारीतला साक्षीदार पुढे आला की ते नाही म्हणणंच तिला बुडवेल.

चौकशीचे साहेब एका सकाळी आले. टोपी, काळा कोट, चेहऱ्यावर अवघडलेपण. त्यांनी ताईला व्हरांड्यात बसायला सांगितलं, ऑफिसचं दार लावून घेतलं आणि मुलींना एकेक करून आत बोलावलं. मी ताईजवळ बसले. काकांचं पत्र कालच आलं होतं. त्यांच्या कानावर गेलं होतं सगळं.

पहिली मुलगी लगेच बाहेर आली. दुसरी त्याहून लवकर. तिसरी हसत आली. मग मावशी आत गेल्या, आणि त्यांचा आवाज अडवणारं दार अकोल्यात कुणी बनवलं नव्हतं.

"कोणती भेट म्हंता सायेब? मोटारीतली? आवो, थे तं सगळ्याइले मायीत हाये! दोन संत्रे खाल्ले बाईनं. एक आंबट निंगाला."

मग साहेबांचा दबका आवाज. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोन सांगनार? बाईनंच! पोरी आयकत व्हत्या, मी आयकत व्हती. काहून, तुमाले नाई सांगतलं कोनी?"

दार उघडलं. साहेब कपाळ पुसत बाहेर आले आणि ताईसमोर उभे राहिले.

"बाई, हे तुम्ही सगळ्यांना कशासाठी सांगितलंत?"

"परिपत्रक होतं, साहेब," ताई म्हणाली.

त्यांनी डाळ बघितली, कोठी बघितली, चहा घेतला. संध्याकाळी जायला निघाले तेव्हा प्रार्थनेची घंटा झाली, आणि काय वाटलं कोण जाणे, ते हॉलमध्ये येऊन मागे सतरंजीवर मुलींसारखेच मांडी घालून बसले.

प्रार्थना संपली. ताई उठली. "आज कोणी व्यापारी भेटला नाही. चौकशीचे साहेब आले. त्यांनी एक कप चहा घेतला. दूध वसतिगृहाचं होतं, साखर माझ्या घरची."

ती बसणार, तोच साहेब उभे राहिले. टोपी काढून त्यांनी हातात घेतली.

"मलाही सांगायचं आहे," ते म्हणाले. "सकाळी स्टेशनवर मला घ्यायला तुमच्या जुन्या धान्यवाल्यांची मोटार आली होती. मी तिच्यात बसलो. त्यांच्याकडे नाश्ता केला. मग इथे आलो."

मी ताईकडे बघितलं, ती साहेबांकडे बघत होती. मागच्या रांगेतून तोच आवाज आला.

"काय व्हतं सायेब नाश्त्याले?"

साहेबांच्या चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं हसू आलं. "शिरा. आणि भजी."

टाळ्या कुणी सुरू केल्या ते मला माहीत नाही. बहुतेक मावशींनी, पळी भिंतीवर ठेवून. सगळा हॉल दणाणला. फाटकाबाहेर जुन्या व्यापाऱ्याची मोटार साहेबांना न्यायला उभी होती. त्यांनी ड्रायव्हरला हाताने जा म्हणून सांगितलं आणि टांगा बोलावला. साऱ्या मुली फाटकापर्यंत गेल्या. टांगा वळेपर्यंत "सायेब, नमस्ते! सायेब, नमस्ते!" चाललं होतं.

पुढे तक्रारीत तथ्य नाही असा कागद आला. तोही ताईने प्रार्थनेनंतर वाचून दाखवला. काकांनी त्या बिजवराचं नाव पुन्हा काढलं नाही. मुली मास्तरणी होऊन गावोगाव गेल्या. शेंदूरजनाघाटची ती तेराव्याला सांगत होती, की शाळेची इमारत बांधायला घेतली तेव्हा विटावाला कधी भेटला, काय बोलला, हे ती दर शनिवारी पोरांना आणि त्यांच्या बापांना पारावर सांगत असे. "लोक हसत," ती म्हणाली, "पन इमारत अजून उभी हाये."

साहेब गेले त्या रात्री आम्ही दोघी क्वार्टरवर परतलो. ताईने हात धुतले, ताटं मांडली, भाकरी वाढली. पहिला घास तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवत म्हणाली,

"शिरा कसा होता ते विचारायचं राहिलंच की गं."

आणि मग आम्ही हसलो. ताट बाजूला सारून, दारं उघडी टाकून, साऱ्या वसतिगृहाला ऐकू जाईल असं.