ऑडिट करायला नव्हे, ऑडिट करायला

नुसतं वर्गात बसायचं, परीक्षा नाही, मार्क नाहीत, डिग्री नाही, याला ऑडिट करणं म्हणतात, हे मला शेजारच्या मुलीनं सांगितलं. ती परदेशात शिकून आली आहे. मी म्हटलं, "नुसतं बसायचं आणि काही करायचं नाही, याला ऑडिट म्हणतात? बाई गं, आमच्या ऑफिसबद्दल लोक जे पाठीमागे बोलायचे ते तू तोंडावर बोलून राहिली!" कारण मी सगळी नोकरी सरकारी ऑडिटमध्ये केली. दुसऱ्याच्या फायली उघडायच्या, चष्मा वर सरकवायचा आणि विचारायचं, हे कसं आलं? भलेभले घाबरायचे. खरं सांगते, मला ते आवडायचं.

पण त्याच्या आधी मी गणिताची विद्यार्थिनी होते. एम.एस्सी.चं पहिलं वर्ष झालं, नोकरीचा कॉल आला आणि घरात सगळ्यांना इतका आनंद झाला की माझं गणित सुटून चाललंय हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. आत्या म्हणाली, "अगं, ऑडिटमध्ये दिवसभर गणितच की!" आता बेरीज-वजाबाकीला गणित म्हणणाऱ्या बाईशी काय भांडणार? रिटायर झाल्यावर आमच्या सुदामा नगरातल्या मैत्रिणींनी मला आधी भजनी मंडळात ओढलं, मग योगाच्या क्लासात. मी दोन्हीकडे टिकले नाही. मला ते पुढचं बीजगणित पाहिजे होतं, जे माझं अर्धवट राहिलं होतं. ते शिकवणारे एक प्रोफेसर शहराबाहेर सिमरोलकडच्या एका कॉलेजच्या कॅम्पसमध्ये आहेत, असा शोध लागला.

मी रीतसर इंग्रजीत ईमेल लिहिला. आपल्या ॲडव्हान्स्ड अल्जिब्राच्या कोर्सचं ऑडिट करण्याची इच्छा आहे, सोयीची तारीख कळवावी. खाली सवयीनं नाव आणि हुद्दा, सीनिअर ऑडिट ऑफिसर. 'निवृत्त' लिहायचं राहून गेलं. मुद्दाम नाही हो, हाताला वळणच तसं पडलेलं! तासाभरात उत्तर आलं की उद्याच या. मी नवऱ्याला म्हटलं, "बघा, किती उत्साही माणूस आहे."

आमच्या ह्यांनी गाडी काढली. ह्यांना रिटायर झाल्यापासून कुठेही जायला निमित्त पाहिजेच असतं. खिशात पोह्यांवर भुरभुरायच्या जीरावन मसाल्याची पुडी घेतली, कारण कॅम्पसच्या कँटीनमधल्या पोह्यांवर ह्यांचा विश्वास नव्हता. गेटवरच्या गार्डला काच खाली करून सांगितलं, "भिया, बीवीला कॉलेजात सोडायला आलोय." गार्ड मराठी नव्हता, पण तोही हसला.

प्रोफेसर ऑफिसच्या दारातच उभे. वय पस्तिशीचं, पुण्याचे, मराठी अगदी धुतल्या तांदळासारखी. टेबलावर हजेरीपट, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, प्रोजेक्टर खरेदीची कागदपत्रं, आणि मधोमध काजू-बिस्किटांची बशी. ती बशी पाहिली आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ऑडिटवाले येणार म्हटल्यावर मांडलेली बशी मी कुठेही ओळखते.

"मॅडम, गेल्या दोन सत्रांचं सगळं काढून ठेवलंय," ते म्हणाले. "एक हजेरीपट तेवढा सापडत नाहीये, पण मी आपल्याला खात्री देतो..."

"सर जी, गडबड झाली," मी म्हटलं. "मी ऑडिट करायला नाही आले. मी ऑडिट करायला आलेय."

ते मटकन खुर्चीत बसले. "म्हणजे?"

"मतलब, वर्गात बसायला. शिकायला. मी तर कधीचीच रिटायर झालेय."

माणूस इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं. मग बशी स्वतःकडे ओढून त्यांनी दोन बिस्किटं खाल्ली. "बसा ना! अवश्य बसा! केव्हाही या!"

मी थांबले. मी महिनाभर जुनी पुस्तकं काढून तयारी केली होती. हा माणूस आपल्याला खोदखोदून विचारणार, आपण अडखळणार, तरी चार गोष्टी सांगणार, आणि मग तो विचार करून हो किंवा नाही म्हणणार, असं मनात धरून आले होते. "मला काय येतं, ते नाही विचारणार?"

"छे छे, मॅडम! तुम्ही आनंदासाठी येताय. नाही समजलं तरी काही बिघडत नाही."

मी बाहेरून हसले आणि आतून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काही बिघडत नाही म्हणे! माझं बिघडत होतं ना.

तरी वर्ग सुरू झाले आणि मी जायला लागले. पोरं बाकांवर, आणि माझ्यासाठी भिंतीकडेला वेगळी गादीची खुर्ची. शेजारी पाण्याची बाटली. अवघड काही आलं की सर माझ्याकडे बघून असं गोड हसायचे, जणू मी मुलाकडची विहीण आहे आणि माझं काही कमी-जास्त व्हायला नको. मी हात वर करून शंका विचारली की "फार सुंदर प्रश्न, मॅडम!" असं म्हणून ते फळ्याकडे वळायचे, आणि उत्तर कुठे? उत्तर नाहीच. पोरं काही अडलं की शिव्या खायची, मला मात्र कौतुक. निम्मं माझ्या डोक्यावरून जात होतं आणि ते खाली आणायला कुणी तयार नव्हतं.

"कसं झालं?" असं ह्यांनी एकदा गाडीत विचारलं.

"पंगतीला बसवल्यासारखं. मानपान सगळा, पानात काही नाही."

"मग सोड ना यार. घरी बसू आरामात. इथले पोहे पण काही खास नाहीत."

मी खिडकीबाहेर बघत बसले. मला रडू येत होतं. मी अशी सहज रडणारी बाई नाही, पण तेव्हा वाटलं, झालं, आता हे गणित माझ्या हाताला लागत नाही. नोकरीपायी सुटलं तेव्हा निदान वाटत होतं की परत येईन कधीतरी.

पोरांना घरी करायला म्हणून काही उदाहरणं दिली होती. ऑडिटवाल्यांना ती करायची गरज नसते. मी करायला घेतली. जेवणाचं टेबल अडवून बसले, आणि आमच्या ह्यांना ताट मांडीवर घेऊन टीव्हीसमोर जेवावं लागलं. दोन उदाहरणं सुटली असं मला वाटलं, तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर कागद सरांच्या हातात दिले.

त्यांनी पानं चाळली. "वा! वा मॅडम! या वयात ही चिकाटी!" आणि कागद हसत हसत परत माझ्या हातात.

माझा पारा चढला. "सर जी, वा वा काय? मुशायरा आहे का हा? बरोबर आहे की चूक, ते बोला."

"मॅडम, खरं म्हणजे ऑडिटच्या विद्यार्थ्यांचं आम्ही तपासत नाही..."

"माहितीये मला, तपासत नाहीत. मी जन्मभर लोकांचं तपासलं. कुणीतरी आता माझं तपासावं म्हणून इतक्या लांब येऊन राहिलेय. तुम्ही मला खुर्चीची परवानगी दिली, वर्गाची नाही दिली. ती मी आज मागते आहे. द्यायची नसेल तर सरळ नाही म्हणा, उद्यापासून येत नाही. पण असं गोड बोलून मला वाटेला लावू नका!"

आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला आणि शेवटी जरा कापलाही. दारातून बाहेर पडणारी पोरं तिथेच थबकली. सरांनी माझ्या हातातले कागद काढून घेतले, पहिल्या बाकावर टेकले आणि वाचायला लागले. सावकाश, ओळ न ओळ. मी उभीच. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते मानपानाचं हसू हळूहळू गेलं. मग कपाळाला आठी पडली.

"हे काय आहे?"

"काय?"

"इथे. दोन्ही बाजूंचा 'क' छाटलात?"

"दोन्हीकडे आहे ना, म्हणून..."

"दोन्हीकडे आहे म्हणून छाटायचं? शाळेत आहात का? शून्य नसलेल्या दोन गोष्टींचा गुणाकारसुद्धा इथे शून्य होऊ शकतो, मग असं कसं छाटता येईल? दोन आठवडे घसा फोडून हेच सांगतोय मी. लक्ष कुठे असतं तुमचं?" त्यांनी खिशातलं पेन काढून ती ओळ खोडली, मग पान उलटून पुढचं सगळं खोडलं. "इथून पुढे सगळं चूक. दुसरं उदाहरणही तसंच. गुरुवारी परत करून आणा."

मॅडम म्हणायचं त्यांच्या लक्षातसुद्धा राहिलं नाही. कागद माझ्याकडे देऊन ते दाराशी उभ्या असलेल्या पोरांवर खेकसले, "आणि तुम्ही काय बघताय? तुमच्याही कागदांत हीच चूक आहे!"

मी जिना कशी उतरले मला आठवत नाही. आमचे हे गाडीला टेकून उभे होते. माझा चेहरा बघून पुढे आले.

"काय झालं? डोळे का लाल?"

"सगळं चुकलं. एक ओळ ठेवली नाही. सर्वांसमोर रागावले मला."

"तुला रागावले? या वयाच्या बाईला? थांब, मी बोलतो जाऊन त्या भियाशी."

"खबरदार!" मी त्यांची बाही धरली. "मोठ्या मुश्किलीनं रागावलेत. गाडी काढा, मला अभ्यास आहे."