हरीभाऊंच्या हॉलची भिंत

माझ्या नायगावच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला हरीभाऊ पाटील आले, ते देवाला हात जोडायच्या आधी हॉलच्या कोपऱ्याकोपऱ्यांत जाऊन खाकरले. भटजींचे मंत्र चालू होते. "ताई, टीव्ही या बाजूला लावू नको," ते तिकडूनच ओरडले, "या कोपऱ्यात आवाज सडतो." माझ्या सासूबाईंना तो वास्तुदोष वाटला. त्यांनी घाबरून त्या कोपऱ्यात हळदकुंकू वाहिलं.

हरीभाऊंचा सातिवलीला गाद्यांच्या फोमचा कारखाना होता आणि तिथलं ऑफिस मी सांभाळायचे. मालक असून त्यांना खुर्ची कशी ती माहीत नव्हती. पायाला भिंगरी. जेवताना एक घास ऑफिसात, तर दुसरा मशीनपाशी. डॉक्टरांनी छातीवर नळी टेकवून "जरा स्वस्थ बसत जा" म्हटलं, तर हे त्यांनाच विचारून आले, "या नळीतून आवाज कसा येतो, मना आयकवा ना!"

या सगळ्या अस्वस्थपणाला वाट मिळाली ती खाडीकाठच्या त्यांच्या घरात. आईची, म्हणजे जनाकाकींची, नजर काचबिंदूनं गेली होती. "तिला दिसत नाय, तर आयकू तरी झ्याक येऊ दे," म्हणत त्यांनी हॉलमध्ये होम थिएटर आणलं. सेटबरोबर एक छोटा माइक होता. तो आईच्या जागेवर ठेवायचा. स्पीकर एकेक करून 'ऊंऽऽ' करत सूर काढणार, माइक खोलीचा प्रतिसाद ऐकणार आणि मशीन त्याप्रमाणे आवाज सुधारणार. तेवढ्यासाठी फ्रीज बंद, पंखा बंद, अंगणातल्या कोंबड्या हाकललेल्या. बायकोनं, म्हणजे लतावहिनींनी, श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. पुन्हा सोफा वीतभर सरकला की हे सगळं पहिल्यापासून!

तरी संवाद घुमायचेच. गुळगुळीत लाद्या, उघड्या भिंती, मोठाल्या खिडक्या. शेवटी त्यांनी स्वतःच निकाल दिला, "खोली खोटं बोलते गो. मशीन तरी किती झाकनार?" झालं! फोम घरचाच. एका रविवारी चारी भिंती आणि वरचं छतही त्यांनी फोमनं मढवून काढलं.

संध्याकाळी मला ऐकायला बोलावलं. दार लोटलं आणि माझेच कान कोंडल्यासारखे झाले. बोललेला शब्द तोंडापुढेच पडत होता. हरीभाऊ मात्र खुशीत, एका जागी उभे नाहीत. "आये, ये गो, आयकायला ये!"

जनाकाकी स्वयंपाकघरातून निघाल्या. त्या घरात त्या कुणाचा हात धरत नसत. डोळस माणसासारख्या तुरुतुरु चालत. हॉलच्या मध्यावर येऊन मात्र त्या थांबल्या. हात पुढे केला, मागे घेतला.

"हऱ्या, भिंत कुठं गेली रे? मी भायेर आले काय?"

"घरातच हाईस, आये."

"मग आयकू का येत नाय?"

त्यांनी घाईनं पाऊल टाकलं आणि जमिनीवर ठेवलेल्या खर्जाच्या जड स्पीकरला अडखळून गुडघ्यावर आपटल्या. पावलांचा आवाज भिंतीवरून परत येई, त्यावर ती बाई घरात वावरत होती, आणि लेकानं तो आवाजच पुसून टाकला होता. मला तेव्हा हरीभाऊंचा फार राग आला.

त्या दिवसापासून जनाकाकी खाट सोडीनात. पाणीसुद्धा सून नेऊन देई. हरीभाऊंची तगमग बघवत नव्हती. पण हरीभाऊच ते! त्यांना वाटलं, फोमनं घालवलं ते मशीन देईल. सेटमध्ये खोटा घुमारा आणायची सोय होती. एक बटण दाबलं की जणू मोठं सभागृह. ते लावून त्यांनी आईला हाताला धरून उभं केलं. टीव्हीतली माणसं देवळात बोलल्यासारखी दुमदुमली. जनाकाकी मात्र जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "ही मानसं त्यांच्या घरात चालतात रे. मी कुठं चालू?"

हरीभाऊ खाली बसले. मी त्यांना बसलेलं पाहिलं ते तेव्हाच. मग उठून त्यांनी नखांनी फोम ओरबाडायला घेतला. गोंदाबरोबर रंगाचे पोपडे निघाले, भिंती खरूज झाल्यासारख्या दिसू लागल्या. वहिनी रडत होत्या, मीही ओढू लागले. मोकळ्या भिंतीपुढे जनाकाकींनी पाय आपटून पाहिला आणि सरळ दारापुढच्या ओट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. पुढे संवाद घुमले तर हरीभाऊ म्हणत, "घुमू दे. आये फिरते ना?"

यंदा कारखान्यातच त्यांच्या छातीत कळ आली. स्वस्थ बसायचं औषध काही त्यांना लागू पडलं नाही.

त्यांना हॉलमध्येच ठेवलं होतं. सगळा गाव लोटलेला, भिंतींना टेकून बायका दाटीनं बसलेल्या. वहिनी जनाकाकींना हाताला धरून घेऊन आल्या. उंबऱ्यातच काकींनी हात सोडवला. एक पाऊल टाकलं आणि पुन्हा तशाच थबकल्या. एवढ्या माणसांच्या अंगांत त्यांच्या पावलाचा आवाज जिरून गेला होता.

"कोन कोन बसलंय ते जरा भायेर व्हा," त्या म्हणाल्या. "मना भिंत आयकू दे."

कोणाला काहीच कळेना. मी उठले, बायकांना उठवलं, पुरुषांना अंगणात काढलं. हॉल रिकामा झाला. जनाकाकींनी पाय आपटला. मान वाकडी करून ऐकलं. मग कुठंही न अडखळता सरळ चालत गेल्या आणि मुलाच्या उशाशी बसल्या.