मल्लूचं उत्तर बरोबर होतं

सुगलाबाई काल गेल्या. त्यांची अंगणवाडी मी बंद पाडली होती.

ऑफिसच्या ग्रुपवर कालपासून हात जोडलेले इमोजी पडतायत. मीही एक टाकला.

अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून त्यांचं गाव. एका खोलीची अंगणवाडी. मी त्यांची सुपरवायझर.

गावात इंग्लिश मीडियमची व्हॅन यायला लागली आणि पट घसरला. अकरा पोरं उरली.

मी म्हटलं, "सुगलाबाई, पुण्याला गेलेल्यांची पोरं पटावरून काढू नका. बाकीच्या सेविका ठेवतात की."

त्या म्हणाल्या, "म्याडम, जी पोरं हितं न्हाईत, त्यांचा खाऊ कुणाच्या तोंडात घालू?"

मला राग आला. त्या बरोबर होत्या म्हणून जास्तच आला.

पुढच्या महिन्यात साहेब तपासणीला आले. म्हणाले, पट कमी असला तरी मुलांची प्रगती चांगली असेल तर अंगणवाडी ठेवू.

मी मुद्दाम मल्लूला उभं केलं.

चार वर्षांचा. घरात फक्त कानडी. मराठी नुकतंच कुठं कानावर पडू लागलेलं.

लाल चेंडू दाखवला. "रंग कोणता?"

"केंपु," तो लगेच म्हणाला.

मी फॉर्मवर फुली मारली.

"सायेब, बरोबर सांगितलं की त्यानं," सुगलाबाई म्हणाल्या. "कानडीत केंपु म्हंजे लाल."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "मॅडम, तुम्हाला येतं कन्नड?"

"नाही सर."

माझं माहेर अक्कलकोटचं. आईशी मी आजही कानडीतच बोलते. सुगलाबाईंशीही कित्येकदा बोलले होते.

सुगलाबाईंनी माझ्याकडं नुसतं पाहिलं. साहेबांना एक शब्द सांगितला नाही.

बरोबर उत्तराला त्या टाळ्या वाजवायच्या. मल्लू वाट बघत तसाच उभा होता.

फुली तशीच राहिली, आणि अंगणवाडी ओढ्यापलीकडच्या गावाला जोडली. एवढीशी पोरं तिकडं कोण धाडणार? दोन गेली. बाकीची घरी बसली.

सुगलाबाई मात्र रोज चालत जायच्या. लेकीच्या वयाच्या सेविकेच्या हाताखाली, पोरांची ताटं धुवायला.

आज मातीला गेले होते. तिथं मल्लूची आई भेटली. माझ्याशी मोडक्यातोडक्या मराठीत बोलत होती.

"बाई सांगायच्या, म्याडमला कानडी येत न्हाय. त्यांचा काय दोस न्हाय."

त्यांनी अख्ख्या गावाला हेच सांगून ठेवलं होतं.

मी विचारलं, "मल्लू कसा आहे?"

"साळंत जातो. पन तोंड उघडत न्हाय. गुर्जी म्हनतेत, मंद हाय."

तिला मराठी शब्द सापडत नव्हते. चाचपडत, थांबत बोलत होती.

मी सगळं ऐकून घेतलं. आणि तिला मराठीतच म्हटलं, "होईल सगळं ठीक."

सुगलाबाई, नमस्कार करते. माफ करा म्हणायला मला तोंड नाही.