पाचवं लेकरू

मानववंशशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला दहा घरांचे नातेवृक्ष काढायला सांगितले होते. पुरुषासाठी त्रिकोण, बाईसाठी गोल, मेलेल्या माणसावर तिरपी रेघ. वर्गातल्या मुली मेळघाटात जायचं ठरवत होत्या. मी यवतमाळजवळ नेरला घरी आले आणि आमच्याच गल्लीतून सुरुवात केली. खरं सांगायचं तर आयतं जेवण मिळेल हाच विचार होता.

पहिलं घर शेजारच्या खालाचं. तिचे मियाँ मोटारसायकल दुरुस्त करायचे. ते वारल्यावर मुलांनी गॅरेज सांभाळलं. आमच्या आणि त्यांच्या अंगणात कमरेएवढी भिंत. लहानपणी मी ती ओलांडूनच तिच्याकडे जायची. खालाची चार मुलं मला तोंडपाठ होती. तरी पद्धत म्हणून विचारलं, "खाला, लेकरं किती?"

"पाच," ती म्हणाली.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी चौघांची नावं घेतली.

"थे चार. अन् एक पोरगी. गेली थे. दुधाची होती माही."

पुस्तकात मी दुधाच्या नात्याबद्दल वाचलं होतं. दुसऱ्याच्या लेकराला बाईने अंगावर पाजलं की ते तिचं होतं, तिच्या मुलांचं भावंड होतं. हे उदाहरण माझ्याच गल्लीत सापडलं म्हणून मला आनंद झाला. तो आनंद आठवला की आजही लाज वाटते. मी भराभर विचारत गेले. किती महिने पाजलं? घरच्यांनी हरकत घेतली का? पोरगी कोणाची होती?

खाला भिंतीपलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वही बंद कर बेटा. घरी जा, मायले विचार."

आई ओसरीवर अंबाडीची भाजी निवडत होती. मी विचारलं तेव्हा तिने मान वर केली नाही, पण हात थांबले.

"कोनं सांगतलं तुले?"

"खालानं."

तिने भाजी बाजूला सारली. मग सांगू लागली. माझ्या मोठ्या भावानंतर आणि माझ्या आधी तिला एक मुलगी झाली होती. बाळंतपणानंतर आईला विषमज्वर झाला आणि तिला यवतमाळच्या दवाखान्यात ठेवलं. आजी वरचं दूध पाजू लागली, ते पोरीला पचेना. खालाचा दुसरा मुलगा तेव्हा तीन महिन्यांचा होता. ती भिंतीपाशी आली आणि म्हणाली, "द्या इकडं." दीड महिना पोरगी तिच्याच अंगावर वाढली. आई बरी होऊन आली तेव्हा पोरगी तिच्याकडे जाईना, खालाकडेच झेपावायची.

"मले राग ये," आई म्हणाली. "जिनं जीव वाचोला, तिचाच राग ये."

नवव्या महिन्यात पोरीची छाती भरली. आई-बाबा तिला घेऊन एसटीने यवतमाळला निघाले. अर्ध्या वाटेत ती गेली. आईला कळलं, पण ती बोलली नाही. कंडक्टर खाली उतरवेल अशी तिला भीती वाटली. शेजारच्या बाईने विचारलं तेव्हा पदर सारखा करत ती म्हणाली, "झोपली आहे." यवतमाळच्या स्टँडवर उतरून दोघं परतीच्या गाडीत बसले.

"मले कधी काहून नाही सांगतलं?"

"इच्यारलं कोनं?" आई म्हणाली. "तुह्या आजीनं घरात रडू नाही देलं. पोटात दुसरं असन तर त्याले लागते म्हने. खालाच्या घरी जाऊन रडलो मी."

दरवर्षी शबे-बारातला खालाकडून चण्याच्या डाळीचा हलवा यायचा. आई तो कोणाला न देता स्वयंपाकघरात बसून खायची. खालाकडे जाण्याआधी लिहिलेल्या टिपणात मी त्याची नोंद केली होती: सणावारी शेजाऱ्यांमधली देवाणघेवाण. त्या दिवशी खाला तिच्या घरच्या गेलेल्या माणसांच्या नावाने फातिहा देते, आणि त्यांत आमची पोरगीही असते, हे माझ्या दोन पानी टिपणात कुठेच नव्हतं.

संध्याकाळी बाबा वावरातून आले. मी आमच्या घराच्या नातेवृक्षाचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी पाच पिढ्यांचे पुरुष बोटाने मोजले, एक चुलतआजोबा राहिले ते सांगितलं. मग त्यांचं बोट त्या रेघ मारलेल्या गोलावर थांबलं.

"हे कायले काढलं? लहान होती. नावही नोतं ठेवलं."

आई चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "ठेवलं होतं."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. ते नाव आठवायचा प्रयत्न करत होते हे मला दिसत होतं. आईने मदत केली नाही. नंतर ते नाव तिने मला एकटीला सांगितलं. मी ते इथे लिहीत नाही.

माझ्या कागदावर त्या गोलापासून खालाच्या घरापर्यंत दुधाच्या नात्याची एक तुटक रेघ होती. कॉलेजात सरांना ती फार आवडली. त्यांनी वर्गाला दाखवली, चांगले गुण दिले. मी मान खाली घालून बसले होते.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा आईने स्वतःहून विषय काढला. पोरीला पुरलं ती जागा तिला बघायची होती. तेव्हा बायका गेल्या नव्हत्या. बाबा आणि खालाचे मियाँ दोघंच गेले होते. बाबा आधी नको म्हणाले, मग एका सकाळी चप्पल घालून दारात उभे राहिले. आई, खाला आणि मी मागे निघालो.

गावाबाहेर नाल्याच्या काठाने आम्ही बरंच चाललो. एक बाजू कोणीतरी वाहितीखाली आणली होती, तिथे तूर उभी होती. बाबा एका जागी थांबले, पुढे गेले, परत आले.

"बोरीचं झाड होतं इथं," ते म्हणाले. "त्यायले बरोबर ठाऊक होतं." म्हणजे खालाच्या मियाँना.

"मंग आता?" आईने विचारलं.

बाबांनी हात लांब करून काठाचा एक मोठा तुकडा दाखवला. "इकडंच कुठंतरी." मग ते तुरीच्या कडेच्या धुऱ्याकडे चालू लागले.

आई आणि खाला खाली बसल्या. खालाने डोक्यावर ओढणी घेऊन ओठांतल्या ओठांत काही म्हटलं. आई नुसती जमिनीकडे बघत होती. बाबा दूर धुऱ्यावर पाठ करून उभे होते. ऊन चढलं तेव्हा खालाने आईला हात देऊन उठवलं आणि आम्ही आल्या वाटेने परत निघालो.