परिच्छेद सहाचं उत्तर

“मॅडम, परिच्छेद सहाचं उत्तर कुठंय?” कल्याण कोर्टात जजसाहेबांनी फाइलीतून मान वर न करता विचारलं.

मी ऐटीत म्हणाले, “सर, शेवटी आहे. ‘बाकी सर्व मजकूर खोटा व नाकबूल.’”

तेव्हा मी चाळिशीची. कोटाला कडक इस्त्री, अक्कल ड्रायक्लीनला दिलेली. आता आजी झालेय, तर त्या बाईला गाठून तिचे कान उपटावेसे वाटतात.

माझ्या अशील सुशीलाबाई. मुरबाडकडच्या बायकांच्या गटाच्या प्रमुख. गटाची भेंडी परदेशी जायची. घोडबंदर रोडच्या एका एक्स्पोर्टरने माल घेणं अचानक थांबवलं, म्हणून आम्ही करारभंगाचा दावा लावला. त्याने उत्तरासोबत काउंटरक्लेम टाकला. म्हणजे आपण ज्याला कोर्टात खेचलं, त्याने त्याच केसमध्ये उलट आपल्यावर दावा लावायचा. परिच्छेद सहात त्याचं म्हणणं होतं, बायकांनी तोडणीच्या आदल्या दिवशी बंदी असलेलं औषध फवारलं.

सुशीलाबाई फवारणीची वही घेऊन माझ्या डोंबिवलीच्या ऑफिसात आल्या. कुठलं औषध, कधी, किती, सगळं लिहिलेलं. म्हणाल्या, “ताई, हे उत्तरात घाला. भरपाई नाही मिळाली तरी चालंल, पण विषाचा डाग लागला तर आमचा माल दुसरं कोण घेणार?”

मी त्यांना समजावलं की सगळे पत्ते आधी दाखवायचे नसतात, वही साक्षीच्या वेळी काढू. आणि जुन्या मसुद्यातली ती एक ओळ चिकटवून मोकळी झाले.

काउंटरक्लेम हा पूर्ण दावाच असतो. प्रत्येक आरोपाला वेगळं, नेमकं उत्तर लागतं. जे नेमकं नाकारलं नाही, ते कबूल धरता येतं. हे मला ठाऊक होतं. ज्युनिअर्सना मीच शिकवायचे.

साक्षीत वही काढली, तर समोरच्या वकिलाने हरकत घेतली की उत्तरात तिचा उल्लेखच नाही. वही बाहेरच राहिली. मग युक्तिवादाच्या दिवशी जजसाहेबांचा तो प्रश्न आला. उत्तर दुरुस्त करायचा अर्ज मी धावतपळत दिला. उशीर झाला म्हणून तो फेटाळला गेला. निकालात आलं, फवारणीचा आरोप वादीने नेमका नाकारलेला नाही, सबब कबूल. एक्स्पोर्टरने निकालाची कॉपी इतर व्यापाऱ्यांना पाठवली. गट मोडला.

मी अपिलाचं बोलले. सुशीलाबाई शांतपणे म्हणाल्या, “वर्षं लागतील ना, ताई? भेंडी चार दिवसांत जून होते.”

अपील झालं नाही. ज्युनिअर अजून विचारतात, काउंटरक्लेमला उत्तर किती लांब लिहायचं. मी सांगते, जितके आरोप तितकी उत्तरं. हुशारी उरली तर डब्यात भरून घरी न्या.