विल्डाच्या मापाची रायफल

कारखान्यातून बाहेर पडणारी प्रत्येक रायफल एकाच माणसासाठी केलेली असते, असं डेन्झिल मॅलोचं ठाम मत होतं. त्या माणसाचा बांधा मध्यम, हात लांब, मान सरळ, आणि त्याला म्हातारपण म्हणून येत नाही. "हा बाबा कुठे राहतो देव जाणे," डेन्झिल म्हणायचा, "पण आपल्या खोऱ्यात तर नाही."

खोऱ्यात राहत ते सगळे वेगळेच नमुने. कुणाचं एक बोट लाकडाच्या गिरणीत गेलेलं, कुणाचा खांदा घोड्यावरून पडून उतरलेला. चर्चच्या पाद्रीबुवांची मान तर अशी लांब, की रायफलीवरच्या दुर्बिणीला डोळा लावायचा म्हणजे त्यांना बगळ्यासारखं वाकावं लागे. ही मंडळी तालुक्याच्या दुकानातून कोरी रायफल आणत, एक मोसम हरणाऐवजी झाडांना गोळ्या घालत, आणि मग निमूटपणे डेन्झिलच्या शेडची वाट धरत. ही शेड म्हणजे पूर्वीची गोठ्याची दूधखोली. तिथे डेन्झिल त्यांना रिकामी रायफल हातात देऊन डोळे मिटायला सांगायचा. "आता खांद्याला लाव. आता उघड. काय दिसतं?" दुर्बिणीतून सरळ समोरची टेकडी दिसली तर ठीक. बहुतेकांना आपलीच पापणी दिसायची. मग तो खांद्याला टेकणारा लाकडी दस्ता बोटभर कापी, गालाखाली लाकूड चढवी, चाप हलका करून देई. कुणाचं पोट सुटलंय, कुणाची पाठ वाकायला लागलीय, हे खोऱ्यात डॉक्टरच्या आधी डेन्झिलला कळायचं. पण ते त्याने कधी बायकोलाही सांगितलं नाही.

त्याची बायको विल्डा. शाळेच्या स्वयंपाकघरात तिची हयात गेली. जिभेला धार, आणि नाकावर माशी बसू द्यायची नाही. दर नोव्हेंबरात हरणांचा मोसम उघडला की दोघं पहाटे कड्यावर चढत, ती ओकच्या झाडांच्या रांगेपाशी बसे, तो ओढ्याच्या अंगाला, आणि दुपारी एकत्र येऊन पेपरोनीचं तिखट सॉसेज भरलेले पाव खात. हरीण मिळालं तर मिळालं. डेन्झिलच्या मते ते पावच खरे महत्त्वाचे होते, पण असं बोलून दाखवणारा गडी तो नव्हे.

गेल्या वर्षी वसंतात विल्डाचा उजवा स्तन काढला. मग औषधं, मग केस जाणं, मग ते पुन्हा उगवणं. आजार गेला, डॉक्टर खूश झाले, शेजारणींनी केक आणून दिले. विल्डाने मात्र आपल्या वडिलांची जुनी रायफल भाच्याला देऊन टाकली. "मला नको आता. खांद्यावर लाथ बसते," एवढंच म्हणाली. नोव्हेंबरात डेन्झिल एकटाच कड्यावर गेला आणि दुपार व्हायच्या आत परत आला.

आणखी एक गोष्ट झाली होती. दवाखान्यातून आल्यावर आठवड्याभरात विल्डा म्हणाली, "न्हाणीघराला आतून कडी लावून दे." चाळीस वर्षं त्या दाराला कडी नव्हती. डेन्झिलने काही न विचारता स्क्रू पिळले, कडी बसवली, आत-बाहेर करून बघितली आणि स्क्रूड्रायव्हर हातात धरून तिथेच उभा राहिला. तेव्हापासून विल्डा कपडे तिथेच बदलायची. रोज रात्री पलंगावर पडल्या पडल्या त्याला कडीचा आवाज यायचा.

त्याला दोनच गोष्टी हव्या होत्या. विल्डाने पूर्वीसारखं कड्यावर यावं, आणि त्या कडीचा आवाज बंद व्हावा. दुसरी मागायची त्याची छाती नव्हती, म्हणून त्याने पहिली धरली. उन्हाळ्यात तालुक्याला जाऊन एक नवी रायफल आणली, कमी धक्क्याची, साध्या अक्रोडी दस्त्याची, आणि विल्डाला ताकास तूर लागू न देता कामाला लागला.

आता माप कुणाचं घ्यायचं? विल्डाला बोलवायचं म्हणजे तिला खांदा लावायला सांगायचं, आणि खांदा म्हटलं की पुढचं सगळं आलं. डेन्झिलने खुंटीवरचा तिचा शिकारीचा नारिंगी कोट काढला, त्यात पेंढा भरला, खांबाला बांधला, आणि त्या कोटाच्या खांद्याला रायफल लावून मापं घ्यायला सुरुवात केली. कॉलरच्या वर, गालाच्या जागी, एक भोपळा ठेवला. दोन्ही हात कोटाभोवती टाकून तो दस्त्याची लांबी बघत होता, एवढ्यात दारात त्याचा जुना दोस्त ज्युनिअर रेन्स उभा. हा ज्युनिअर साठी उलटलेला, पण बाप याच नावाचा होता म्हणून मरेपर्यंत ज्युनिअरच.

"मी मागाहून येऊ का?" ज्युनिअर म्हणाला. "तुम्हा दोघांना एकांत हवा असेल तर."

"माप घेतोय."

"दिसतंय ना. फिकटलीय जरा. जेवते का नीट?"

"ज्युनिअर, तोंड बंद ठेव. विल्डाला कळता कामा नये."

"विल्डाला? अरे, कुठल्या पोराने गाजरं कचऱ्यात टाकली ते ही बाई नुसत्या तोंडाकडे बघून ओळखायची. तिला कळणार नाही?" ज्युनिअर खोक्यावर बसला आणि बराच वेळ गंमत बघत राहिला. मग उठता उठता म्हणाला, "पण पेंढ्याला दुखत नाही रे, डेन्झिल."

डेन्झिलने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. कामात तो बुडाला होता. दस्ता त्याने आखूड केला, टोकाला जाड रबराची गादी बसवली. औषधांनी विल्डाच्या बोटांची टोकं बधिर झाली होती, कप हातातून सुटायचे. म्हणून गोळी चढवायला मागेपुढे ओढतात त्या बोल्टची बारकी मूठ काढून सफरचंदाएवढी नाही, पण चांगली मुठीत भरेल अशी बसवली. चाप सगळ्यांना हलका करून देणाऱ्या माणसाने हा मुद्दाम जरा जड ठेवला, म्हणजे बधिर बोटाला तो जाणवेल. आणि धक्का अगदीच मरावा म्हणून दस्त्याला आतून भोक पाडून शिसं भरलं. वरून तेल चोळलं. इतकं मन लावून त्याने पाद्रीबुवांचंही काम केलं नव्हतं.

सप्टेंबरात सफरचंदं उतरली. विल्डा अंगणात मुरंब्यासाठी सालं काढत बसली होती, तेव्हा त्याने बोल्ट काढून ठेवलेली रायफल तिच्यापुढे धरली. तिने हात पुसले. उचलताना भुवई वर गेली. खांद्याला लावली, आणि क्षणभर चेहरा असा आवळला, जसा दाताखाली जीभ आल्यावर आवळतो. मग तिने ती हळूच बाकावर ठेवली.

"छान आहे," ती म्हणाली, आणि पुन्हा सफरचंद हातात घेतलं.

डेन्झिल जिथल्या तिथे खचला. हा शब्द तिने लग्नात त्याच्या आईने दिलेल्या टोपीला वापरला होता. ती टोपी नंतर कुणी पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो शेडमध्ये नुसताच बसून होता. विल्डा आली. आल्या आल्या तिने कोपऱ्यातल्या फडक्याखालून कोट ओढून काढला.

"ज्युनिअरने चुगली केली," डेन्झिल म्हणाला.

"त्याची काय बिशाद. खुंटीपासून तुझ्या दारापर्यंत पेंढा सांडलाय. मी काय आंधळी आहे?" तिने कोट झटकला. "आणि त्या रायफलीत काय भरलंस?"

"शिसं. धक्का कमी बसावा म्हणून."

"धक्का मी सोसला असता. ही धोंड कड्यावर कोण नेणार?"

"मी नेली असती."

"म्हणूनच," विल्डा म्हणाली. "तू एका आजारी बाईसाठी रायफल केलीस, डेन्झिल. ती बाई मी नाही. घरात धडधाकट बायको असताना तू कोटात पेंढा भरून त्याला मिठ्या मारतोस. मला विचारायला काय झालं होतं?"

"तू कडी लावतेस," डेन्झिल बोलून गेला.

बोलल्यावर त्याला वाटलं, जीभ हासडून टाकावी. विल्डाने कोट खोक्यावर ठेवला.

"तूच लावून दिलीस," ती म्हणाली.

"तू मागितलीस म्हणून."

"मला वाटलं, तू एकदा तरी म्हणशील, कशाला हवी?"

"मला वाटलं, तुला विचारलेलं नको असेल."

"नकोच होतं," विल्डा म्हणाली. तिचा आवाज ओला झाला. "तरी विचारायचं होतंस. मला वाटलं, तुलाही बघायचं नाहीये, म्हणून कडी लावून देऊन सुटलास."

डेन्झिलला रडू फुटलं. दीड वर्ष साचलेलं रडू, त्याला कसली लाज? "मला फक्त तुला दुखवायचं नव्हतं गं," एवढं त्याला कसंबसं सांगता आलं.

विल्डाने शेडचं दार ओढून घेतलं. खिडकीतून दुपारचं ऊन कामाच्या ओट्यावर पडलं होतं, त्या उन्हात येऊन तिने शर्टाची बटणं सोडली. बोटं बधिर, त्यामुळे वेळ लागला. त्याने मदतीला हात पुढे केला, तिने तो बाजूला सारला. ते तिचं तिनेच केलं.

त्याने पाहिलं. उजवीकडे छाती सपाट होती आणि काखेपासून मध्यापर्यंत एक लांब, गुलाबी रेघ होती. बस्स, एवढंच. इतके महिने ज्याची धास्ती घेतली ते हे, आणि ते विल्डाचंच होतं. मग जे तोंडाला आलं ते तो बोलला.

"शिवण सरळ घातलीय."

विल्डा आधी त्याच्याकडे बघतच राहिली आणि मग अशी हसली, की तिला ओट्याला धरावं लागलं. "अरे देवा! दीड वर्षाने बायकोकडे बघतोय, आणि शाबासकी कुणाला, तर डॉक्टरला!"

तोही हसला, नाक पुसत. मग त्याच्यातला कारागीर जागा झाला. आधी त्याने दस्त्यातलं शिसं काढून टाकलं. लोखंड लाकडाला कुठे टेकतं ते बघायला तो एरवी लोखंडाला काजळी फासायचा आणि जिथे डाग उमटेल तिथलं लाकूड कोरायचा. विल्डाला काजळी कशी फासणार? सुताराच्या दोरीला लावतात तो निळा खडू त्याने बोटाने रबरी गादीवर चोळला.

"लाव खांद्याला. डोळे मिटून."

तिने लावली, काढली. तिच्या कातडीवर निळा ठसा उमटला होता, आणि त्याचा खालचा कोपरा नेमका त्या रेघेवर होता.

"इथे?" त्याने बोट न टेकवता विचारलं.

"इथेच. टेकव बोट, मोडत नाही मी."

त्याने टेकवलं. मग रुमाल ओला करून तो ठसा पुसला, दस्ता वाइसच्या लोखंडी जबड्यात आवळून धरला आणि कानशीने खालचा कोपरा गोल करत काखेच्या बाजूला वळवला. पुन्हा खडू, पुन्हा खांदा, पुन्हा ठसा. आता तो रेघेच्या काठावर होता. पुन्हा रुमाल, पुन्हा कानस. विल्डा उघड्या अंगाने ओट्याला टेकून उभी होती आणि मध्येच सांगत होती की नोव्हेंबरात ओकांच्या जागी ती बसणार, त्याने ओढ्याकडे जावं, आणि पाव या खेपेला त्याने भाजावेत. डेन्झिल प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होता.

शेवटी ठसा उमटला तो सगळा वर, खांद्याच्या मांसावर. रेघ कोरी राहिली होती.

"कसं वाटतं?"

"लागत नाही," विल्डा म्हणाली. 'छान आहे' म्हणाली नाही.

त्याने रायफल खाली ठेवली आणि ओल्या रुमालाने शेवटचा खडू पुसू लागला. खांद्यावरून खाली, मग त्या रेघेवरून, काखेपासून मध्यापर्यंत, हळूहळू. मग रुमालही ओट्यावर राहिला आणि त्याचा हातच फिरत राहिला.

"डेन्झिल," विल्डा म्हणाली, "खडू कधीच गेलाय."

"माहीत आहे."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि तिने डोळे मिटले.