कोपरावरचा कापूस

बाबांच्या हृदयात कृत्रिम झडप होती. रक्त पातळ करणारी गोळी किती द्यायची, हे डॉक्टर चारदीवारीतल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातल्या, एका लॅबच्या रिपोर्टवरून ठरवत. दर महिन्याला मी बाबांना तिथे न्यायचे.

तिथले टेक्निशियन सहसा मान वर करत नसत. कोमट पाण्यातली काचेची नळी उचलायची, तिरकी करायची, रक्त गोठलं की स्टॉपवॉच दाबायचं. तुलनेसाठी निरोगी माणसाचं रक्त लागे; त्यासाठी ते रोज स्वतःचंच काढत. त्यामुळे कोपरावर कायम कापूस चिकटवलेला.

एकदा त्यांनी बाबांचा लिहून झालेला रिपोर्ट फाडला. मग रांगेतल्या सगळ्यांचेच फाडले.

“कल आइए, बाबूजी. आज मेरा खून भी देर से जमा. मतलब केमिकल खराब है.”

“भैया, पूरा दिन गया,” मागून कोणीतरी म्हणालं.

“दिन ही गया ना,” ते थकल्या आवाजात म्हणाले.

जिना उतरताना बाबा म्हणाले, “त्या आकड्यात रक्त फारच पातळ दिसलं असतं, माझी गोळी कमी झाली असती गं. मग झडपेवर रक्ताची गाठ.”

आभार मानायला मी परत वर गेले. मनात वाक्य जुळवेपर्यंत त्यांनी खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी रांगेत पहिला नंबर आमचा होता. ते स्वतःच्या दुसऱ्या हाताची बाही वर सारत होते.